छतावरची नजर आणि घरपट्टी

संपादक महोदय, स. न. वि. वि.

घरपट्टी ठरवण्यासाठी उपग्रहाची चित्रे वापरली, तर त्यांतून माणसांचे चेहरे ओळखता येतील ही भीती अनाठायी आहे. वर्ल्डव्ह्यू-३ या व्यावसायिक उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ३१ सेंटिमीटरचा असतो. माणूस दोन-तीन ठिपक्यांत संपतो. गच्चीवरची टाकी, नवे पत्रे मात्र नीट दिसतात.

धोका आहे तो चित्रावरून बांधकाम मोजण्यात. चित्र उभ्या रेषेपासून २० अंश तिरपे असेल, तर १५ मीटर उंच इमारतीचे छप्पर पायापासून जवळपास साडेपाच मीटर सरकलेले दिसते. इंदूरच्या राजवाड्याभोवतीच्या दाटीत तेवढ्याने शेजाऱ्याचे बांधकाम आपल्या खाती चढू शकते. चित्रावरून घरपट्टी वाढवायची असेल, तर नोटिशीवर चित्राची तारीख आणि कोन छापावा, आणि आधी जागेवर टेप लावून मोजावे.

— एक सर्वेक्षक, रामबाग, इंदूर