गो-वेंट-गॉन पाठ, तरी 'डिड नॉट वेंट'

संपादक महोदय,

माझी नात सहावीत आहे. परवा चाचणीचा पेपर घेऊन आली, तोंड एवढंसं करून. 'आय डिड नॉट वेंट टू स्कूल' या वाक्यावर लाल फुली आणि शेजारी शेरा : 'तक्ता दहा वेळा लिहा.' तक्ता म्हणजे गो-वेंट-गॉन, कम-केम-कम. तो तिला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतो. चूक तक्त्याची नव्हतीच.

बार्शी तालुक्यातल्या झेडपीच्या शाळांत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आमची मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायची. ही चूक मात्र आधीही तीच, नंतरही तीच. कारण ती मराठीतून येते. आपण 'मी गेलो' म्हणतो, तसंच 'मी गेलो नाही' म्हणतो. 'नाही' आलं तरी 'गेलो' जागचं हलत नाही. मग पोरं 'वेंट' का सोडतील?

नातीला म्हटलं, कुर्डुवाडी स्टेशनवर हमालाने बोचकं डोक्यावर घेतलं, की तू ते परत उचलतेस का? 'डिड' हा हमाल. भूतकाळाचं ओझं त्याने घेतलं, की 'वेंट'चा पुन्हा 'गो' होतो, नकार असो नाहीतर प्रश्न. (वॉज-वेअरला हमाल लागत नाही, ते स्वतःच पैलवान.) तिने लगेच विचारलं, "मग आय वेंटमध्ये हमाल कुठाय?" नाही, तिथं ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन विचारते, "आजी, डिड यू ईट?"

उच्चारांचं तर विचारू नका. 'ईडी लावा' (मागे लागते ती ईडी नव्हे) एवढंच सांगतात आणि मुलं 'लुकेड', 'वॉशेड' वाचतात. गळ्यावर बोटं ठेवून 'प्ले' म्हणायला लावा. शेवटी गळा थरथरतो, म्हणून पुढे 'ड' : प्लेड. 'लुक'च्या शेवटी थरथर नाही, म्हणून 'ट' : लुक्ट. क्रियापदच ट-डने संपत असेल तर 'इड' : वॉन्टिड, नीडिड. दहा मिनिटांचं काम आहे.

पण नातीच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची बंदी. मग चूक जिथून येते ती जागा दाखवायची कशी? हीच पोर तीन वर्षांची असताना 'मी करलं' म्हणायची. घरात 'केलं' ऐकून ऐकून आपसूक सुधारली, कुणी तक्ता दिला नव्हता.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतही दर शनिवारी क्रियापदांचे तीन रकाने येतात. एखाद्या शनिवारी ते वगळून तिथे मराठी आणि इंग्रजी नकार शेजारी-शेजारी छापावेत, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, बार्शी