घाबरवणारी ओळ आणि कामाची ओळ

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझा जनुक तपासणीचा अहवाल वाचला. ‘टीसीएफ७एल२ : मधुमेहाचा वाढीव धोका’ या ओळीखाली लाल पेनाने रेघा ओढल्या आहेस, त्यावरूनच तुझी अवस्था कळली.

टीसीएफ७एल२ या जनुकातला हा बदल आइसलँडमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये शोधला. टाइप २ मधुमेहाशी जोडलेल्या नेहमी आढळणाऱ्या बदलांत हा सगळ्यात जोरकस, तरी तुझ्यासारखी त्याची एकच प्रत (आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेली) असेल तर धोका वाढतो साधारण ४० टक्के. या आकड्यानेच तुला गंडवलं. समज, १०० जणांत १० जणांना मधुमेह होणार असेल, तर हा बदल असलेल्या १०० जणांत सुमारे १४ जणांना होईल. बाकीचे ८६ जण तसेच सुटतात! शिवाय असे बदल कोट्यवधी लोकांत असतात. तरुणपणीच जीव घेणारे असते, तर पिढ्यानपिढ्या इतके पसरलेच नसते. (एपीओई४ हा दुसऱ्या एका जनुकातला बदल थोडा वेगळा. त्याने अल्झायमरचा धोका बराच वाढतो, पण तो आजार उतारवयात येतो, तोवर पुढची पिढी जन्मलेली असते. तुझ्या अहवालात तो नाही.)

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठी चाचणी झाली होती. त्यात टीसीएफ७एल२च्या या बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्यांनाही वजन उतरवल्याचा आणि नियमित चालण्याचा फायदा झाला. वजनाशी जोडलेल्या एफटीओ जनुकाचं म्हणशील तर त्यातल्या बदलाच्या दोन प्रतींनी सरासरी तीनेक किलो वजन वाढतं. त्याला फार भाव देऊ नकोस.

खरी कामाची ओळ तू वाचलीच नाहीस लेका. शेवटच्या पानावर सीवायपी२सी१९ हे जनुक आहे, दोन्ही प्रती मंद. त्यापासून बनणारं एन्झाइम यकृतात क्लोपिडोग्रेलला कामाला लावतं. स्टेंट घातल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते औषध. एन्झाइमच मंद असेल तर गोळी घेऊनही पुरेसा परिणाम होत नाही. अशा वेळी डॉक्टर दुसरं औषध निवडू शकतात, पण त्यांना हे आधी माहीत हवं. ते पान तुझ्या फाइलला लाव आणि वहिनींनाही सांगून ठेव.

मधुमेहाचं म्हणशील, तर काकांना पन्नाशीतच तो लागला हे आपल्याला अहवालाशिवायही ठाऊक होतं, आणि माझ्या मते त्या एका ओळीपेक्षा तेच वजनदार आहे. आज साखर किती आहे ते जनुकं सांगत नाहीत. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घे आणि आकडा कळव.

तुझाच,
सुहास