शिट्टीवर शतांश सेकंद कसा मोजणार?

संपादक महोदय,

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत कांस्य गेले ५५.४१ सेकंदांना; पी. टी. उषा ५५.४२. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदके जिंकली, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो शतांश.

आपल्या खान्देशात मात्र शाळांच्या शर्यती अजूनही शिट्टीवर सुटतात. आवाज १०० मीटर कापायला सुमारे ०.३ सेकंद घेतो. शेवटच्या रेषेवरचा घड्याळवाला शिट्टी ऐकून बटण दाबतो तोवर पोरगी निघालेली असते, आणि वेळ कागदावर फुकट चांगली दिसते. म्हणून सोडणाऱ्याने शिट्टीसोबत झेंडी झटकन खाली आणावी, घड्याळवाल्याने तीच पाहावी. हाताने दाबलेल्या घड्याळाची वेळ विद्युत यंत्राच्या वेळेशी ताडताना १०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवावे लागतात, हे मार्गदर्शक पालकांना सांगत नाहीत (सांगितले तर अर्धे 'विक्रम' उतरतील!).

शर्यतीच्या शेवटी धावपटूचे धड रेषेवर पोहोचले की तो पोहोचला असे धरतात. डोके, हात, पाय नव्हे. छाती शेवटच्या पावलालाच झोकायची. दोन-तीन पावले आधी वाकले की वेग मोडतो.

मैदानाचे म्हणाल तर आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि घोटा मुरगळतो. किमान १०० मीटरच्या पट्ट्यावर तरी मुरूम पसरून, पाणी मारून रोलर फिरवावा.

एक क्रीडाप्रेमी, अमळनेर