आश्वासन मिळाले, पण कोणत्या कागदावर?

संपादक महोदय,

युरोपीय संघाकडून अमुक सरकारने ‘आश्वासने मिळवली’ अशी बातमी आली की चर्चा आश्वासनांच्या यादीभोवती फिरते. संसद सदस्यांनी आधी विचारायला हवे ते वेगळेच : आश्वासन कोणत्या दस्तऐवजात आहे, कधीपासून लागू होणार आणि त्याला कोणाकोणाची मंजुरी लागणार?

उदाहरणार्थ, युरोपीय संघाच्या कारभाराची चौकट बदलणारा लिस्बन करार आयर्लंडच्या मतदारांनी १२ जून २००८ रोजी ५३.४ टक्के मतांनी नाकारला. पुन्हा सार्वमत घ्यायचे तर पंतप्रधान ब्रायन कॉवेन यांना ठोस काही हवे होते. १८-१९ जून २००९ च्या युरोपीय परिषदेत, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांच्या बैठकीत, आश्वासनांचा मजकूर ठरला. त्यात जीविताचा हक्क, कुटुंब, शिक्षण, करआकारणी आणि संरक्षण हे विषय होते.

सर्वांत भक्कम मार्ग प्रोटोकॉलचा, म्हणजे कराराला जोडल्या जाणाऱ्या पूरक दस्तऐवजाचा, कारण तो मूळ कराराइतकाच बंधनकारक. पण त्याला तेव्हाच्या सर्व २७ देशांची मंजुरी लागते. बहुतेक संसदांनी लिस्बन आधीच मंजूर केला होता, तो पुन्हा उघडायला कोणी तयार नव्हते. ब्रिटनमध्ये गॉर्डन ब्राऊन यांचे सरकार डळमळीत होते आणि आपण सत्तेवर येईपर्यंत करार अमलात आला नसेल तर सार्वमत घेऊ, असे विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरॉन सांगत होते. संघाचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या चेक प्रजासत्ताकाचे सरकार तर मार्चमध्येच पडले होते. म्हणून आधी सर्व सरकारप्रमुखांचा बंधनकारक ‘निर्णय’ झाला आणि प्रोटोकॉल संघात पुढचा नवा देश येईल त्या वेळेवर ठेवला गेला. या निर्णयाने कराराचे एक अक्षरही बदलले नाही, त्यामुळे फेरमंजुरी टळली. आमच्या मते त्या परिस्थितीत यापेक्षा चांगला मार्ग नव्हता. मात्र त्याची मर्यादाही इथेच आहे : निर्णय कराराचा अर्थ स्पष्ट करतो, करारात नसलेले काही देऊ शकत नाही.

संघाचे कार्यकारी मंडळ असलेल्या युरोपीय आयोगात प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम राहील, हे वचन तर लिस्बन मंजूर झाला तरच पाळता येणार होते. आधीच्या नीस करारात आयुक्तांची संख्या कमी करणे बंधनकारक होते, लिस्बनमध्ये ती एकमताने बदलण्याची सोय होती. कामगार हक्कांच्या वाट्याला मात्र नुसती ‘घोषणा’ आली. तिला निर्णयाचे बळ नव्हते आणि ती पुढे प्रोटोकॉलमध्येही गेली नाही. आयरिश कामगारांच्या दृष्टीने ही उणीव मोठी होती.

२ ऑक्टोबर २००९ रोजी ६७.१ टक्के मतदारांनी होकार दिला. आयर्लंडचा प्रोटोकॉल लागू व्हायला १ डिसेंबर २०१४ उजाडला. ऑक्टोबर २००९ च्या अखेरीस चेक राष्ट्राध्यक्ष वाक्लाव्ह क्लाउस यांनी संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेबाबत असेच प्रोटोकॉलचे वचन मिळवले आणि मगच करारावर सही केली. तो प्रोटोकॉल कधीच झाला नाही. २०१४ मध्ये नव्या चेक सरकारने ती मागणीच मागे घेतली.

– दोन वाचक, पुणे