आत्या, ही गोष्ट तुझ्यासाठीच आहे

प्रिय आत्या,

बाळाचा फोटो बघितला, काविळीसाठी निळ्या लाईटखाली डोळ्यांना पट्टी बांधून झोपलंय. वहिनी फोनवर रडत होती, तिला म्हटलं अगं आमच्या वॉर्डात अशी बाळं कायम असतात, घाबरू नको. पण त्या लाईटची गोष्ट तुला सांगायचीय, कारण ती सिस्टर लोकांची आहे.

मी इंग्लंडात राहते तिथून रॉचफर्ड गाव जवळच. तिथल्या जनरल हॉस्पिटलात १९५६ साली जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या, कमी दिवसांच्या बाळांचा वॉर्ड त्यांच्याकडं. त्यांचं म्हणणं, कोंदट गरम खोलीपेक्षा लेकरं मोकळ्या हवेत बरी, म्हणून ऊन पडलं की त्या बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या (आपल्याकडं आज्या कोवळ्या उन्हात घेऊन बसायच्या तसंच की!). तर एकदा राऊंडला त्यांनी मोठ्या डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं, सगळं अंग फिकं आणि एकच त्रिकोणी तुकडा पिवळाधमक. डॉक्टरांना वाटलं हिनं काहीतरी रंग लावलाय. त्या म्हणाल्या रंग नाही, तेवढ्या भागावर चादरीचं टोक होतं, बाकी अंगाची कावीळ उन्हानं उतरलीय.

नंतर काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी चुकून उन्हात राहिली आणि तपासली तर बिलीरुबिन (काविळीत अंग पिवळं करणारा रक्तातला घटक) बरंच कमी आलं, तेव्हा कुठं सगळ्यांची ट्यूब पेटली. मग तिथल्याच डॉ. क्रेमर वगैरेंनी पाळण्यावर निळ्या ट्यूबलाईट लावून बघितल्या आणि १९५८ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापलं. तोवर कावीळ फार वाढली की बाळाचं रक्त बदलायचं, एवढाच काय तो उपाय. अमेरिकेत तर १९६८ ची या लाईटची ट्रायल होईपर्यंत कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

लॅन्सेटच्या त्या पेपरवर तीन नावं आहेत, सिस्टरचं नाही, मला अजून राग येतो. बाळाला दिवसभर कोण उचलतं, पुसतं, कपडे बदलतं? मग आधी दिसणार कुणाला! पण दिसलेलं राऊंडमध्ये सगळ्यांसमोर बोलायला छातीही लागते गं, आमच्याकडच्या नव्या पोरी तिथंच गप्प बसतात, मी आता मुद्दाम त्यांनाच आधी विचारते की तुला काय वाटतं.

आणि हो, हे वाचून वहिनी बाळाला उन्हात नेऊन बसवेल, तिला नको म्हण. उन्हाचा डोस कळत नाही, अंग भाजतं, थंडीनं गारठतं, लाईट आहे ते बरंय.

तू तालुक्याच्या दवाखान्यात कार्बन पेपर आणि काळं कापड घेऊन बाळांच्या डोळ्यांच्या पट्ट्या शिवायचीस ना, त्याचं माप आठवत असेल तर कागदावर काढून फोटो पाठव, इथल्या पोरींना दाखवायचाय.

तुझी,
सोनी