भांडण जागेचं नाही, पाळकाच्या वागण्याचं आहे

संपादक साहेब, सलाम.

कालच्या अंकात पान पाचवर आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, बातमी वाचली आणि रात्री डोळा लागला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. जागेचा गट नंबर आला, दोन्हीकडच्यांची नावं आली, गेटवरच्या पोलिसांचा फोटो पण आला, फक्त भांडण लागलं कशावरून तेवढं नाही आलं. "जागेचा वाद" म्हणे. मराठवाड्यात मिशनच्या जागा काय आजच्या आहेत का? पाद्री नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. आमची जागा पण माझ्या आजोबाच्या काळापासून तिथंच आहे, तेव्हा का नाही कुणी कुणाची कॉलर धरली?

मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हाचे पाळक साहेब सायकलवर फिरायचे. उपासना सुटली की खजिनदार दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचे, अर्पण किती, लाईट बिल किती, झाडणाऱ्या मावशीला किती दिले, शिल्लक किती. पैसे ते किती असणार, पण म्हातारी माणसं चष्मा पुसून एकेक ओळ वाचायची. एकदा एका आजोबांनी विचारलं की मागच्या रविवारचे अडीच रुपये दिसत नाहीत. साहेबांनी वही काढली, बघितलं, तर ते पैसे त्यांनी एका बाळंतिणीला डिंक-खोबऱ्यासाठी दिले होते आणि लिहायचं राहून गेलं होतं. पुढच्या रविवारी वेदीपुढं उभं राहून त्यांनी सगळ्या मंडळीची माफी मागितली. अडीच रुपयांसाठी पाळक माफी मागतो हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय. तो फळा अजून भिंतीवर आहे, त्याच्यावर आता प्लायवूड ठोकून सत्काराचे फोटो लावलेत.

आता हे आत्ताचे पाळक बघा. माझी माय आठ महिने खाटेवर होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी म्हणायची, टेबलावर पांढरा कपडा टाक, साहेब प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस, घेऊन येतील. मी कपडा इस्त्री करून टाकायचे, खुर्ची पुसून ठेवायचे, तांब्याभर पाणी ठेवायचे. दुपारचे दोन वाजून गेले की तीच म्हणायची, काही काम निघालं असंल गं, ठेव घडी करून. असं आठ वेळा झालं. मी फोन केले, पंचांकडं, म्हणजे चर्चच्या कमिटीकडं, निरोप धाडले. मग कुणीतरी सांगितलं की माझ्या भावानं वार्षिक सभेत हिशोब मागितला होता, म्हणून आमचं घर "त्या गटातलं" झालंय. खाटेवरच्या म्हातारीला कसला आलाय गट?

ती वारली त्या दिवशी तर कहर झाला. कबरस्तानाची चावी मागायला भाऊ गेला तर त्याला म्हणले आधी तीन वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या दाखवा. पावत्या होत्या हो, मायनंच बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, पण तो डबा सापडेपर्यंत तिची पेटी अंगणात होती, आणि महिना मे चा. डबा घेऊन भाऊ धावत गेला तेव्हा पायात चप्पल नव्हती त्याच्या. हे लिहिताना आता पण हात थरथरतोय.

माणसं तुटली ती अशी, घर घर करत. संडे स्कूल घेणाऱ्या पोरांनी येणं सोडलं, काही घरं दुसरीकडच्या प्रार्थना सभेला जायला लागली, महिला संघाला पाच बाया जमेनात. मग पंचांची निवडणूक आली, मतदार यादीतून नावं उडाली, दोन कमिट्या झाल्या, दोघांनी धर्मादाय कार्यालयात आपलीच कमिटी नोंदवा म्हणून आपापले बदल अर्ज टाकले, एकमेकाच्या अर्जाला हरकती घेतल्या, बँकेनं दोघांच्याही सह्या थांबवल्या आणि झाडणाऱ्या बाईचा पगार अडकला. जागेचा विषय निघाला तो या सगळ्याच्या नंतर. तुमच्या बातमीदारानं शेवटचं पान वाचलं आणि तेच छापलं.

कुरकुर तर पहिल्या मंडळीत पण झाली होती. बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढून बघा. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, तर येशूच्या बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांची नावं यादीतून उडवली नाहीत. सगळ्या मंडळीला बोलावून म्हणले, तुम्हीच सात माणसं निवडा आणि हे काम त्यांच्या हाती द्या. आणि निवडले कोण? स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलं. हाच अध्याय आमच्याकडं कितीदा तरी वाचून झालाय, पण त्या सात नावांवर थांबून कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

आता आलंच आहे तर अजून एक सांगते. बातमीत आमच्या पाळकांना "फादर" लिहिलंय. फादर कॅथलिकांचे, त्यांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 चा, तो वेगळा. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 साली नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन झालं, ते वेगळं, मेथडिस्ट आणखी वेगळे. एवढं तरी विचारून छापत जा. आणि गुड फ्रायडेला "शुभेच्छा" छापू नका हो, तो प्रभूच्या मरणाचा दिवस आहे, दरवर्षी वाचून वाईट वाटतं.

येत्या रविवारी उपासना होईल का नाही, देव जाणे. तुमचा बातमीदार येणार असेल तर त्याला म्हणावं गेटवरच्या पोलिसाचा फोटो पुरे झाला, आत ये, आणि दाराजवळच्या त्या प्लायवूडमागं काय आहे ते पंचांना विचार.

आपली,
एक वाचक, परभणी जिल्हा