मनवाची म्हैस पन्हाळा चढणार

लीड्स, २१ जून

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या नातीचा, मनवाचा, मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा एकदाचा पुरा झाला. चाळीस सेकंदांचा आहे. दर फोटोला बाहुली किंचित हलवायची; सेकंदाला १२ फोटो, म्हणजे ४८० फोटो एकामागोमाग एक. आवाज असलेला आणि शेवटी नावांची पाटी असलेला हा तिचा पहिलाच. (पाटीत ‘चहा : बाबा’ असंही आहे.) फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली आहे. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि मातीवरचे बोटांचे ठसे पुसट होतात. ते ठसे दिसायलाच हवेत. पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीवर बघा.

बघताना तेविसाव्या सेकंदाकडे नीट लक्ष द्या. उंदीर पाठीवरचं पोतं खाली ठेवतो. पोतं टेकल्यावर लगेच सरळ न होता तो दोन फोटोंपुरता गुडघ्यात दबतो आणि मग उठतो. आधीच्या तुकड्यांत तिच्या वस्तू जमिनीवरून नुसत्या घसरायच्या, त्यांना वजनच नसायचं. शाळेनं प्रमाणपत्र दिलंय, ते आईला फ्रेम करायला आणतेच, पण माझ्या मते खरा टप्पा हे दबलेले गुडघे आहेत. तेव्हा फोनवर ‘छान झालंय’ एवढ्यावर थांबू नका. गुडघे का वाकवलेस, असं विचारा. अर्धा तास तुमची सुटका नाही.

आता तुमच्या कामाचं. ऑगस्टमध्ये आम्ही कोल्हापूरला घरी येतोय आणि पुढचा सिनेमा तिला तिथेच करायचाय. गोष्ट ठरली आहे. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्याच्या कोठारांची नावं गंगा, यमुना, सरस्वती आहेत, हे ऐकून एका म्हशीला वाटतं की वर पाणी असणार. ती गडाच्या ‘तीन दरवाजा’ नावाच्या दारातून आत शिरते आणि आत निघतं धान्य. पुढे काय होतं ते दिग्दर्शिका सांगत नाही.

म्हैस उभी करणं सोपं, चालवणं अवघड. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच तिला संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्या. म्हशी येताना-जाताना फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून स्लो मोशनमध्ये पाय टिपायचे. सावकाश चालणारी म्हैस आधी मागचा डावा उचलते, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. तोंडी सांगितलं तर मुलं विसरतात आणि समोरासमोरचे पाय एकदम हलवतात, मग म्हैस लाकडी घोड्यासारखी दिसते. आवाजही तिथेच घेऊन ठेवा. चरवीत पडणारी धार, गळ्यातली घंटा, मालकाचं हाकारणं. रस्त्याच्या बाजूला उभं राहिलात तर हॉर्नशिवाय काही मिळणार नाही.

आपलं माप एकास दहा आहे. खरी म्हैस खांद्याशी साधारण १३० सेंटिमीटर, तर आपली १३. डोक्यात करता येण्याजोगा हिशेब असला की मनवा मोठ्यांना विचारत बसत नाही, म्हणून हे माप.

आप्पा, लेथवर गेलेल्या हातांसाठी खास काम आहे. उद्यमनगरातून भोकांचा पत्रा आणा. दोन बाय तीन फूट, दीड मिलिमीटर जाडीचा, भोक ४ मिलिमीटरचं आणि दोन भोकांत मध्यापासून मध्यापर्यंत ६ मिलिमीटर अंतर. तो लाकडी चौकटीवर बसवायचा आणि चौकट टेबलापासून आठ इंच वर, कारण खालून हात घालून म्हशीचा पाय पत्र्याला धरणारा बोल्ट फिरवायचाय. मधोमध एक आडवी पट्टी द्या, नाहीतर पत्रा झोल खातो आणि म्हैस दर पावलाला किंचित खाली-वर होते. कडा कानशीनं घासा आणि रेड ऑक्साइडचा हात द्या. ऑगस्टच्या दमटपणात उघडा पत्रा आठवड्यात गंजेल.

प्रत्येक खुरात एम ३ चा, म्हणजे ३ मिलिमीटरच्या बोल्टचा नट बसेल आणि खालून ८ मिलिमीटर लांबीचा बोल्ट, वॉशरसह. लांब बोल्ट घेतला तर खुरातून वर निघतो. बोल्टऐवजी चुंबक वापरावं असं तुम्हाला वाटेल. काम झटपट होतं हे खरं, पण घरात दादाची अन्वी दोन वर्षांची आहे. दोन छोटी चुंबकं पोटात गेली तर आतडं मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, थेट ऑपरेशन. बोल्टच बरे.

सांगाड्याला दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार मी आणते. लोखंडी तार वाकवली की मागे उसळते, तांब्याची वाकवून वाकवून कडक होते. दोन पदर ड्रिलच्या चकमध्ये धरून अगदी हळू पिळायचे. पीळ जास्त झाला तर तार ठिसूळ होते. धडाच्या जागी ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा, म्हणजे वजन कमी राहतं. फॉइल, पाय आणि नट एम-सीलनं जोडायचे. एम-सील मळायचं काम तुमचं, हातमोजे घालून; मनवाला ते देऊ नका. गुडघ्याच्या जागी मात्र एम-सील लावायचं नाही, तार मोकळी हवी. तार मोडते ती तिथेच, तेव्हा दोन जास्तीचे पाय तयार ठेवा.

वर तेलाची माती, म्हणजे मुलांची प्लॅस्टिसिन. शाडू इथे चालणार नाही. त्यातलं पाणी उडालं की ती आकसते, आतली तार आकसत नाही, मग पहिल्याच दिवशी पोटाला भेग. शिवाय वाळलेला पाय वाकणार कसा? निव्वळ काळा रंगही नको, कॅमेऱ्यात नुसता काळा डाग दिसतो. चार भाग काळी, एक भाग गडद तपकिरी आणि नखाएवढी निळी मळा. एक दिवा मागून तिरका ठेवला की पाठीची आणि शिंगांची कड उजळते.

शाडू लागेल ती तटबंदीला. त्या दिवसांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात गणपतीची घाई असते. सकाळी लवकर जा, त्यांच्या कामाच्या मध्ये न येता थोडं बघू द्या आणि मळलेली पाचेक किलो माती मागा. तीत भिजवलेल्या कागदाचा लगदा आणि बारीक तोडलेला काथ्या घाला. बोटभर जाडीच्या सपाट वड्या थापून ओल्या फडक्याखाली वाळवा आणि मग उभ्या करून जोडा. पाऊस असेल तर वाळायला वेळ लागेल, पण उन्हात किंवा पंख्याखाली घाई करू नका, कडा वर उचलतात. एवढं करूनही भेग गेली तर जाऊ दे. पन्हाळ्याच्या भिंतीला भेग शोभते.

पन्हाळ्याला शक्यतो सकाळीच निघा. ऑगस्टात धुकं असं उतरतं की दहा फुटांवरचा दरवाजा दिसत नाही. मनवाला सांगा, २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा आहे. पण तिथे इतिहासाची शिकवणी नको, काम करू द्या. तीन दरवाज्याचे फोटो समोरून घ्यायचे, तिरके नाहीत, आणि प्रत्येक फोटोत भिंतीला टेकवलेली तुमची लांब छत्री हवी. छत्रीची लांबी घरी मोजली की कमानीची उंची फोटोवरून निघते. दगडाचा पोत घ्यायला पातळ कागद भिंतीवर धरून मेणखडू घासतात, ते मात्र किल्ल्यावर नको, जुनं कोरीवकाम आहे. फोटोच पुरे. जिलेटिनच्या कागदात गुंडाळलेली चित्रवही आणि पेन्सिल द्या. शाई पावसात पसरते.

आता चालण्याचा हिशेब. एका पायाला सहा फोटो, चार पायांना २४, म्हणजे दोन सेकंदांत एक पूर्ण चाल. दर फोटोला धड ५ मिलिमीटर पुढे आणि उचललेला पाय २ सेंटिमीटर. २४ फोटोंत दोन्ही १२ सेंटिमीटर पुढे जातात, हिशेब जुळतो. एका वेळी एकच पाय मोकळा, बाकी तीन बोल्टनं घट्ट. म्हशीची लांबी सोडून तीन फुटांच्या पत्र्यावर अशा सहा चाली होतात, १४४ फोटो, १२ सेकंद. निघताना आणि थांबताना मात्र धड १, २, ३, ४ असं मिलिमीटरनं वाढवत नि कमी करत न्यायचं. एकदम ५ नं सुरू केलं की कोणीतरी मागून ढकलल्यासारखं वाटतं.

फोनचा स्टँड जमिनीवर नको, चौकटीलाच पकडीत बसवा. टेबलाला धक्का लागला तर दोघं मिळून हलतील. फोन एरोप्लेन मोडवर, फोकस, उजेड आणि रंग तिन्ही लॉक. फोटो इअरफोनच्या बटणानं काढायचा, पडद्याला बोट लावलं की चौकट सरकते. खिडकी पूर्ण बंद करा. ढग आला-गेला की सिनेमा लुकलुकतो. एलइडीचे दोन दिवे पुरतात. वीज दोन्ही देशांत ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर इथल्यासारखंच पन्नासांश सेकंदाला ठेवा, पट्टे येत नाहीत. लाइट गेली तर थांबायचं. इन्व्हर्टरवर दिव्याचा उजेड बदलू शकतो आणि तो बदल अर्ध्या प्रसंगात कळतो. आई, तू मात्र त्या खोलीत येताना पिवळी किंवा पांढरी साडी नको नेसूस. कपड्यांचा उजेड म्हशीवर पडतो. मनवा स्वतः गडद निळा टी-शर्ट घालूनच काम करते आणि इतरांनाही बाहेर काढते.

म्हैस मध्येच पडेल. तेव्हा अंदाजानं उभी करू नका. ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसायची सोय असते, त्यावर शिंगं आणि खुरं जुळवायची. नाहीच जुळलं तर तो प्रसंग तिथेच कापून पुढचा फोटो फक्त तोंडाचा किंवा खुरांचा, जवळून. पाहणाऱ्याला कळत नाही. ‘असू दे गं’ म्हणण्यापेक्षा ही युक्ती तिला जास्त धीर देते.

आप्पा, एकच विनंती. तिच्या हातातून घेऊन नीट करून देऊ नका. चौकट, पत्रा, बोल्ट, एम-सील तुमचं; म्हशीला बोट लावायचं नाही. शिंग वाकडं असेल तर वाकडंच राहील. तुम्हाला राहवणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आईला देखरेखीवर नेमलंय. चाळीसेक मिनिटांनी थांबवायचं, तेही पाय चारही जमिनीवर असताना, आणि वहीत शेवटच्या फोटोचा नंबर व पुढचा पाय कोणता ते लिहून घ्यायचं.

पावसानं एखादा दिवस खाल्लाच तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, आणि खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ तर चुकवूच नका. इथे लीड्सच्या राउंडहे भागात लुई ल प्रॅन्सनं १८८८ साली एका बागेत चालती माणसं टिपली. त्यातल्या २० फ्रेम उरल्यात, जेमतेम दोन सेकंद. त्याचा एका भिंगाचा कॅमेरा ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात पाहिल्यापासून तिला आपल्याकडचा कॅमेरेवाला हवाय. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव पेंटर गेल्यावर बाबूराव पेंटरांनी दादासाहेब मिस्त्रींच्या मदतीनं कॅमेरा घरीच घडवला, ही हकिकत तुमच्या तोंडून ऐकू दे. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, हेही सांगा. बाबूराव आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत, हे कळल्यापासून म्हशीचं पोस्टर घरातल्या कुणाला करू द्यायचं नाही असं तिनं जाहीर केलंय.

गणपतीपर्यंत थांबता येणार नाही, शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच उघडते. तेव्हा खेळ निघायच्या आदल्या रविवारी, सोप्यातल्या भिंतीवर. मूळ फोटो पुसू नका, सिनेमा आणि फोटो दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. व्हिडिओतून फोटो परत नीट मिळत नाहीत.

पत्रा आणला की भोकाचं माप कॅलिपरनं घेऊन मला कळवा. साडेतीनच्या खाली भरलं तर बोल्ट तिरका जातो, मग पत्रा बदलूनच घ्या. वहिनी आणि दादाला नमस्कार, अन्वीला पापा.

तुमची,
सुजाता